तुळईची टोकं

इंग्लंडातल्या इप्सविचला राहायला येऊन सात वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं मी हे चर्च नुसतं गाडीतून बघितलं. साउथवोल्डच्या समुद्रावर जायचं म्हणजे ए-१२ रस्ता, आणि त्या रस्त्यावर पाऊण तासानंतर एका वळणाला अचानक खाडी लागते, भरती असेल तर पाणीच पाणी आणि ओहोटी असेल तर चकाकणारा चिखल, आणि त्या चिखलाच्या कडेला जराशा उंचवट्यावर हे एवढं मोठं चर्च. आजूबाजूला तेवढ्या उंचीचं काहीच नाही. वरच्या खिडक्यांची रांग एका बाजूला आणि बरोब्बर तशीच रांग दुसऱ्या बाजूला, त्यामुळे लांबून बघितलं की चर्चच्या आरपार आकाश दिसतं. दगडाची एवढी मोठी इमारत आणि वाटते कंदिलासारखी.

गावाचं नाव ब्लायथबर्ग असं लिहितात पण इथली माणसं ते ‘ब्लायबरा’ असं काहीतरी म्हणतात, मीही तसंच म्हणतो. वस्ती असेल तीनेकशे. आणि चर्च असं की लोक त्याला दलदलीचं कॅथेड्रल म्हणतात, खरं नाव होली ट्रिनिटी. तीनशे माणसांच्या गावाला हे कशाला लागतं, हा प्रश्न मला इतके दिवस पडला होता की शेवटी एका नोव्हेंबरच्या शनिवारी समुद्र सोडून दिला आणि गाडी तिथेच वळवली.

उत्तर खाडीतच आहे. आज तिथे बदकं आणि चिखल आहे पण मध्ययुगात हे बंदर होतं. ब्लाइथ नदीतून बोटी वर यायच्या, मासेमारी, लोकर, व्यापार सगळं चालायचं, शिवाय गावात ऑगस्टिनियन साधूंचा एक मठ होता, बाराव्या शतकापासून. गावचं चर्च या मठाच्या ताब्यात. आणि इथे एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल अशी आहे. इंग्लंडात पॅरिश चर्चची, म्हणजे गावच्या चर्चची, जबाबदारी वाटलेली असायची. पूर्वेकडचा भाग, जिथे मुख्य वेदी असते तो, म्हणजे आपला गाभारा म्हणा, तो ज्याच्याकडे चर्चचं उत्पन्न जातं त्याने सांभाळायचा. आणि लोक जिथे जमतात तो लांबट भाग, म्हणजे सभामंडप, तो गावाने सांभाळायचा. छप्पर गळलं तर गावाने वर्गणी काढायची. ब्लायबराला १४१२ मध्ये गाभारा नव्याने बांधायची परवानगी मिळाल्याची नोंद आहे, आणि मग त्याच शतकात गावानेही आपला मंडप तोडीस तोड बांधून काढला. जुन्या चर्चचा फक्त मनोरा ठेवला, तो चौदाव्या शतकातला. बाकी सगळं नवं.

पैसा कुठून आला तर मेलेल्यांच्या इच्छापत्रांतून. त्या काळची श्रद्धा अशी की माणूस मेला की आत्मा आधी एका शिक्षेच्या जागी अडकतो आणि मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केल्या की त्याची सुटका लवकर होते. म्हणून खिडकीला पैसे द्या, पितळी पट्टी लावा, तिच्यावर लिहा की अमक्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. जॉन हॉप्टन नावाचा इथला मोठा जमीनदार १४७८ मध्ये गेला, त्याची कबर वेदीच्या जवळच आहे, शेजारी त्याच्या घराण्याचं प्रार्थनाघर. मला हे वाचून आपल्याकडची देवळाच्या पायरीवरची नावं आठवली, पण इथे त्या नावांना कामाला लावलेलं होतं, वाचणाऱ्याने थांबून प्रार्थना करावी हा त्यांचा हेतू होता.

आत जायच्या आधी भिंत बघा. सफोकमध्ये, म्हणजे या परगण्यात, बांधकामाला चांगला दगड नाही. जमिनीत मिळतो तो चकमकीचा दगड, फ्लिंट, बटाट्याएवढा, बाहेरून पांढरट आणि फोडला की आतून काळा काचेसारखा. मग या लोकांनी काय केलं तर ते दगड फोडून त्यांचा काळा गुळगुळीत चेहरा बाहेर ठेवला, आणि लांबून जहाजाने आणलेल्या फिक्या घडीव दगडाच्या चौकटीत ते असे घट्ट बसवले की भिंतीवर काळ्या-पांढऱ्याची नक्षी तयार झाली. पूर्वेच्या भिंतीवर मोठ्या खिडकीखाली अशीच मुकुट घातलेली अक्षरं आहेत, एकेक सुटं. ती कुठल्यातरी लॅटिन वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं असावीत असा अंदाज आहे आणि अभ्यासकांनी जुळवलेलं वाक्यही आहे, पण मला ती अक्षरं तशीच आवडली. मी हात लावून बघितला. नोव्हेंबरात फ्लिंट बर्फासारखा गार लागतो आणि त्याच्या मधला चुना भुसभुशीत, ओलसर.

दार उघडून आत गेलो आणि पहिल्यांदा जाणवला तो उजेड. खाली विटांची आणि जुन्या थडग्यांच्या फरशांची जमीन, भिंती पांढऱ्या, वर दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्या आणि त्या सगळ्यांत जवळजवळ साधी काच. मग मान वर केली.

छप्पर गाभाऱ्यापासून शेवटपर्यंत सलग एकच, मध्ये कमान नाही, काही नाही. खणामागून खण, तुळईमागून तुळई, सगळा ओक. आणि तुळईच्या मध्यावर दोन-दोन देवदूत, पाठीला पाठ लावून, एकाचं तोंड पूर्वेला आणि एकाचं पश्चिमेला, पंख दोन्हीकडे लांब पसरलेले. आज डझनभर आहेत. हातात ढाली. आणि वाशांवर, तुळयांवर रंग आहे, पांढऱ्यावर लाल आणि हिरवी फुलं, मध्ये मध्ये येशूच्या नावाची आद्याक्षरं, सगळं फिकट, काही ठिकाणी नुसती सावली राहिलेली. हा रंग नंतर कोणी दिलेला नाही. पंधराव्या शतकातल्या कोण्या रंगाऱ्याने परांची बांधून, आडवं होऊन दिलेला तोच रंग, तोच हात. असे देवदूतांचे छत इंग्लंडात उरलेत ते बहुतेक ईस्ट अँग्लियातच, म्हणजे इंग्लंडच्या या पूर्व भागातच, पण मूळ रंग एवढा शिल्लक असलेलं छत बघायला मिळणं म्हणजे भाग्यच.

मी किती वेळ मान वर करून उभा होतो कुणास ठाऊक. तिथे देखरेखीला बसलेल्या एक आजी उठून आल्या आणि म्हणाल्या, मागच्या बाकावर आडवा हो, सगळे तसंच करतात. झालो आडवा.

या छताने काय काय सोसलंय ते त्या दिवशी आणि नंतर वाचून कळत गेलं. ४ ऑगस्ट १५७७, रविवार, लोक प्रार्थनेला बसलेले असताना वादळ आलं, मनोऱ्यावरचा निमुळता कळस वीज पडून छत फोडून आत कोसळला, एक माणूस आणि एक मुलगा गेला. त्याच दिवशी जवळच्या बंगे गावातही असंच झालं आणि लोकांनी सांगितलं की एक काळा कुत्रा, सैतानच, चर्चमधून धावत गेला. उत्तरेच्या दारावर जळल्याचे काळे डाग आहेत, ते त्या कुत्र्याच्या पंजाचे म्हणतात. मी ते जवळून बघितले. लांबट, थेंबाच्या आकाराचे, खालून वर निमुळते होत गेलेले. अशा खुणा इंग्लंडात जुन्या लाकडांवर खूप ठिकाणी सापडतात आणि अनेक अभ्यासकांच्या मते त्या मुद्दाम मेणबत्ती धरून केलेल्या असतात, आगीपासून घर राखण्यासाठी केलेला तोडगा म्हणा. मला हे कुत्र्यापेक्षा जास्त भिडलं. कोणीतरी दाराशी उभं राहून, हातातली ज्योत लाकडाला टेकवून, डाग पडेपर्यंत न हलता थांबलं असणार.

कळस पुन्हा बांधला नाही. आजही मनोरा बोडकाच आहे.

मग १६४४. यादवी युद्ध चालू, संसदेच्या बाजूची कडवी प्युरिटन मंडळी जोरात, आणि त्यांच्या मते चर्चमधलं प्रत्येक चित्र, प्रत्येक मूर्ती म्हणजे मूर्तिपूजा. विल्यम डाउझिंग नावाच्या माणसाला केंब्रिजशायर आणि सफोकमधली चर्चेस ‘साफ’ करायचं अधिकृत काम मिळालं होतं आणि तो माणूस इतका शिस्तीचा की त्याने रोजच्या फोडाफोडीची डायरी ठेवली. त्या एप्रिलमध्ये तो ब्लायबराला आला. त्याच्या नोंदीत आहे की अंधश्रद्धेची २० चित्रं, पोर्चवरचा क्रॉस, मनोऱ्यावरचा क्रॉस, आणि २० देवदूत खाली काढायचे, शिवाय आणखी २०० च्या वर चित्रं ८ दिवसांच्या आत काढून टाकायचा हुकूम. ‘आत्म्यासाठी प्रार्थना करा’ असं लिहिलेल्या तीन पट्ट्या त्याने स्वतः उखडल्या. जमिनीवरच्या फरशांत आज पितळेच्या जागी नुसते खळगे आहेत, माणसाच्या आकाराचे. म्हणजे तो सुंदर पांढरा उजेड, जो बघून मी दारात थबकलो होतो, तो मुळात असा नव्हताच, रंगीत काचांतून गाळून आलेला होता. काचा गेल्या म्हणून हा उजेड आला. हे कळल्यावर थोडा वेळ मला त्या उजेडाकडे बघवेना.

पण देवदूत राहिले. हुकूम असून राहिले.

त्यांच्या लाकडात शिशाच्या गोळ्या घुसलेल्या सापडल्या, आणि वर्षानुवर्षं सगळे म्हणत आले की डाउझिंगच्या माणसांनी नेम धरून बंदुका झाडल्या. पण चर्चच्या अठराव्या शतकातल्या हिशोबात जॅकडॉ मारण्यासाठी पैसे दिल्याची नोंद आहे. जॅकडॉ म्हणजे कावळ्याच्या जातीतला छोटा पक्षी. छताला भोकं होती, पक्षी आत घरटी करत होते, आणि ते मारायला गावातले बंदूकवाले आत येऊन वर गोळ्या झाडत होते. देवदूतांना लागलेल्या गोळ्या त्यातल्या आहेत. म्हणजे तोवर चर्चची ही अवस्था झालेली.

गाव बसतच चाललं होतं. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, नदी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी होत गेली आणि खाडीत येईनाशी झाली, १६७६ मध्ये मोठी आग लागली. चर्च मात्र तेवढंच मोठं राहिलं. पुढची दोनशे वर्षं या गावाकडे छप्पर शाकारायलाही पैसे नव्हते. खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या, छतातून पाऊस आत पडायचा, लोक म्हणे छत्र्या उघडून प्रार्थनेला बसायचे. १८८१ च्या डिसेंबरमध्ये नॉरिचच्या बिशपनी शेवटी चर्च धोकादायक म्हणून बंदच करून टाकलं.

आता इथे मला जे सांगायचंय ते येतं. एकोणिसावं शतक हे इंग्लंडात चर्च ‘जीर्णोद्धाराचं’ शतक. ज्या गावांकडे पैसा होता त्यांनी जुनी छपरं काढून नवी घातली, भिंतीवरचा गिलावा खरवडला, त्याबरोबर जुनी चित्रं गेली, झिजलेले दगड काढून नवे कोरीव बसवले, सगळं कसं मध्ययुगीन दिसेल असं पण सगळं नवं. हे बघून चिडून कलाकार-लेखक विल्यम मॉरिस आणि वास्तुकार फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी एक संस्था काढली. त्यांचं म्हणणं एवढंच की दुरुस्त करा, बदलू नका, गळती थांबवा, कुजलेला तेवढाच तुकडा काढा आणि जे नवं घालाल ते नवं आहे हे दिसू द्या. ब्लायबराचं काम निघालं तेव्हा ही संस्था मध्ये पडली आणि काम कसं करायचं यावरून चांगलाच वाद पेटला. चर्च १८८४ मध्ये पुन्हा उघडलं, पण काम जपून, थोडं थोडं, पैसे जमतील तसं, पुढे कितीतरी वर्षं चाललं. त्या गावाकडे पैसा असता तर पन्नास वर्षं आधीच ते छत उतरवून नवं झालं असतं आणि मी आडवा होऊन बघत होतो तो रंग कुठल्यातरी बेकरीच्या भट्टीत गेला असता.

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप गेला तसा. राजापूर तालुक्यातलं छोटं गाव, देऊळ काही प्रसिद्ध नाही. पण मंडप लाकडी होता, फणसाचे खांब, खांबांवर कमळं आणि घोडे, किंजळीच्या तुळया, वर कौलं. माझे बाबा सुतार, आजोबाही सुतार, आणि त्यातले दोन खांब आजोबांच्या आजोबांनी कोरलेले असं घरात सांगायचे. मी दहावीत असताना मुंबईकर मंडळींनी वर्गणी दिली, जीर्णोद्धार ठरला, आणि आठ दिवसांत मंडप खाली. त्यावर स्लॅब आला, खाली चकचकीत टाइल्स. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, उलट सगळ्यांना वाटत होतं की आपण देवासाठी चांगलं करतोय, माझ्या काकांनी स्वतः पहार धरली होती. बाबा त्या आठ दिवसांत देवळाकडे फिरकले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, दोन तुळयांची टोकं कुजली होती फक्त, दोन टोकं. हे वाक्य माझ्या डोक्यात तीस वर्षं आहे आणि त्या बाकावर आडवं पडल्यावर ते मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी उठून बसलो.

बाकांबद्दल सांगायलाच हवं. बाकांच्या टोकांना वर कोरलेली माणसं आहेत, हातभर उंचीचीही नाहीत. सात पापांपैकी काही आहेत. लोभ पेटीवर ठाण मांडून बसलाय, आळस अंथरुणात बसलाय, खादाड पोट धरून. दुसऱ्या बाजूला वर्षभराची शेतीची कामं, एक माणूस पेंढी बांधतोय. त्याचा चेहरा पाचशे वर्षांच्या हातांनी इतका गुळगुळीत झालाय की नाक-डोळे जवळजवळ गेलेत, पण पेंढीवरची त्याची पकड अजून पक्की आहे. ज्याने कोरलं त्याने पेंढी बांधलेली होती, हे नक्की.

आणि पुढे गाभाऱ्यात जुन्या लाकडी मेजांना दौतीची भोकं आहेत. एके काळी इथे पोरांची शाळा भरायची. एका मेजावर पोराने नाव कोरलंय, डर्क लोव्हरसन, स्टॉकहोमचा, १६६५, वय १२. दलदलीतलं पाणी काढायला, बांध घालायला आलेल्या डच कामगारांपैकी कोणाचा तरी हा मुलगा असं म्हणतात. बाप बांधावर चिखलात आणि पोरगा परक्या भाषेच्या शाळेत बसून चाकूने स्वतःचं नाव, गाव, वय कोरतोय. माझा मुलगा इथल्याच शाळेत जातो, तोही आता बाराच्या आसपास आहे. मी त्याला नंतर घेऊन गेलो, त्याने ती अक्षरं बोटाने वाचली आणि विचारलं की याला ओरडा बसला असेल का. नंतर बराच वेळ तो त्या मेजापाशीच होता.

मनोऱ्याच्या बाजूला एक लाकडी बाहुला उभा आहे, १६८२ चा, दाढीवाला, हातात कुऱ्हाड. पूर्वी घड्याळाबरोबर ठोके द्यायचा, आता दोरी ओढली की मान हलवून घंटा वाजवतो आणि मग प्रार्थना सुरू होते. नंतर एका रविवारी मी मुद्दाम त्यासाठी गेलो होतो. पंधरा-वीस माणसं, बहुतेक म्हातारी. घंटा वाजली आणि सगळे उठून उभे राहिले, मीही राहिलो. संगीताच्या मैफिलीही होतात. १९६९ मध्ये जवळच्या स्नेपचं संगीत सभागृह जळालं तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ऑल्डबराच्या महोत्सवातले कार्यक्रम इथे आणले होते, मोझार्टचा अख्खा ऑपेरा या छताखाली झाला.

त्या पहिल्या शनिवारी मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गावी रात्र झालेली, ते जेवून ओटीवर बसले होते. मी फोन वर धरला आणि देवदूत दाखवायला लागलो, बाबा बघा, सहाशे वर्षांपूर्वीचे, मूळ रंग. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “ते बाहुले राहू देत, छान आहेत, पण तुळई दाखव.” मी तुळई दाखवली. “मध्ये जाड ठेवलीय बघ. दोन्हीकडे उतरती. अख्ख्या झाडातून काढलीय, सांधा नाही. पंख मागाहून बसवलेत काय रे? कुसू घालून? असणार. एका लाकडातून एवढं निघत नाही.” ते बोलतच राहिले, इतकं सलग बोलताना मी त्यांना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. शेजारच्या आजींना भाषा कळत नव्हती पण त्या हसून ऐकत होत्या. मी सांगितलं, हे माझे वडील, सुतार आहेत. त्यांनी फोनसमोर येऊन बाबांना हात हलवला आणि बाबांनी नमस्कार केला.

शेवटी बाबा म्हणाले, टोकं दिसत नाहीत यात. तुळई भिंतीत शिरते तिथलं दाखव. कुजते ती तिथेच कुजते.

फोनच्या कॅमेऱ्यात ते काही धड येईना. पुढच्या महिन्यात मित्राचा झूमवाला कॅमेरा घेऊन पुन्हा गेलो, आजींना सांगितलं काय हवंय ते, त्यांनी वरचे दिवे लावून दिले. एकेका तुळईची दोन्ही टोकं, जेवढी खालून दिसत होती तेवढी, सगळी काढली आणि रात्री बाबांना पाठवली. काही ठिकाणी जोडलेला तुकडा वेगळा दिसतो, रंग नसलेला, साधा ओक. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा मेसेज होता, ते बोटाने एकेक अक्षर शोधून टाइप करतात, त्यामुळे त्यांचे मेसेज छोटेच असतात.

“सगळी पाहिली. जोड चांगला घातलाय. टोकं कोरडी आहेत.”